वाइनोचे बाराशे सहा दिवस

२४ मे १९९९, सकाळी ८
फिनलंडमधल्या औलूची तंत्रशाळा, मशीनरूम. माझा सर्व्हर वाइनो सलग १,१८८ दिवस चालू. एकदाही बंद पडलेला नाही. विकतची युनिक्स ती विकतचीच. आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाले, राग कागदावर काढा. संकल्प: कोणावरही हात उचलायचा नाही.

२६ मे
शेजारच्या टेबलावरच्या यार्कोने भंगारातला पीसी उचलून आणला आणि त्यावर फुकटची लिनक्स चढवली. नाव ठेवलं रोस्का, म्हणजे कचरा. माणूस प्रामाणिक आहे. मशीनला झाकणसुद्धा नाही.
आमच्या प्रमुख रायलीबाई म्हणाल्या, "दोन-दोन कशाला पोसायची? जूनअखेरच्या युहान्नुसच्या सणाआधी एक ठरवू. हरेल त्याचा माणूस प्रिंटर सांभाळेल." मी हसलो. बिचारा यार्को.

२८ मे
रोस्का बंद पडला. यार्कोसमोर टाळ्या वाजवल्या. म्हणतो, "पडला तर पडला, पोट उघडून बघता तरी येतं. तुझ्या वाइनोच्या पोटात काय आहे, तुला तरी ठाऊक आहे का रे?" म्हटलं, सभ्य माणसं असलं बघत नाहीत. कीबोर्ड फोडला. जुनाच होता.

१ जून
वाइनोवर ईमेल अडकली. कंपनीला फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला. उत्तम सेवा.

३ जून
तक्रारीला दुसरा क्रमांक मिळाला. हाच दोष रोस्कातही निघाला. यार्कोने कुठेतरी विचारलं, ब्राझीलच्या कुणा अनोळख्याने चाळीस मिनिटांत दुरुस्ती पाठवली. अनोळख्याच्या हातचं औषध कोण घेतं? युनिक्स आणि लिनक्सच्या आज्ञा जवळपास सारख्या, म्हणजे शेवटी भावकीच. खूनही भावकीतच पडतात. खुर्चीला लाथ घातली. अंगठा सुजला. खुर्ची सदोष आहे.

९ जून
युहान्नुसला गमबूट फेकण्याची स्पर्धा. दोन वर्षं मीच पहिला. मशीनरूममध्येच सराव चालू. राग अगदी गेला. डॉक्टरांना कळवायला हवं.

११ जून
१,२०६ दिवस. सराव चालू असताना यार्को कॉफी घेऊन आला. म्हणाला, "आउलिस, प्रिंटरची शाई साबणाने जात नाही हं. आधीच सांगून ठेवतो." गमबूट हातातच होता. रोस्कावर नेम धरला. गमबूट यार्कोचा कान सोलून वाइनोवर आदळला. वाइनो टेबलावरून खाली.
यार्कोने माझं नाक फोडलं. मी त्याच्या खांद्याला चावलो. त्याने माझं डोकं कपाटावर आपटलं. रक्त त्याच्याच स्वेटरला पुसलं. रायलीबाईंनी दोघांना कॉरिडॉरमध्ये ओढून बादलीभर पाणी ओतलं.
संकल्प मोडलेला नाही. हात उचलला नव्हता, गमबूट उचलला होता.

१४ जून
वाइनोला नवा बोर्ड. सुरू झाला! पण लायसन्स जुन्या बोर्डाच्या क्रमांकाला बांधलेलं. म्हणतो, हे मशीन ओळखीचं नाही, नवी किल्ली द्या. मला म्हणतो! बाराशे सहा दिवस उशाशी बसलो मी त्याच्या. रडू आलं. कंपनीला फॅक्स केला. दोन दिवसांत किल्ली येईलच. तोवर, अगदी तात्पुरती, सगळ्यांची ईमेल रोस्कावर.

२४ जून
बाईंना म्हटलं, निर्णय किल्ली येईपर्यंत थांबवा. म्हणाल्या, "निर्णय तुझ्या गमबुटानेच दिलाय." स्पर्धेतूनही नाव काढलं. मत्सर.

५ जुलै
जुलैत फिनलंड बंद. किल्ली देणारे गृहस्थ तलावाकाठी. फोनवर रेकॉर्ड वाजते: ऑगस्टमध्ये संपर्क साधा. रिसीव्हर तुटला. आपोआप.

२ ऑगस्ट
किल्ली आली! ईमेलने. म्हणजे रोस्कानेच आणून दिली.
कागदावर उतरवून धावत गेलो. वाइनो आता तंत्रशाळेच्या वाफ घ्यायच्या सौनाबाहेरच्या खोलीत असतो, त्यावर बसून लोक मोजे काढतात. यार्को बसला होता. म्हणाला, "सरकू का?" मी कागदाकडे पाहिलं. सगळ्या आकड्यांवर माझ्या बोटांवरची प्रिंटरची शाई लागली होती. म्हटलं, बस.
वाइनो पडला त्या दिवसापासून रोस्का सलग ५२ दिवस चालू. यार्को मोजत नाही, म्हणून मी मोजतो.