पहिला घाव चुलत्याचा

॥ श्री ॥

मु. पो. ओतूर, ता. जुन्नर
रविवार, ७ फेब्रुवारी १९९९

चि. भरत यास,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत, लोणीला तुम्हीही असाल असं धरून पुढं लिहितो. अक्षर बघून दचकू नकोस. बारा वर्षांत मी तुला साधं कार्ड टाकलं नाही आणि आज एकदम पाकीट, म्हणजे कुणीतरी गेलं असं वाटेल. कुणी गेलेलं नाही. आपल्या वृषालीचं लग्न ठरलं आहे. २ मे, रविवार. मुलगा कळंबचा, डेअरीत नोकरीला. भिडस्त आहे. तुझ्या वहिनीनं वाढलेल्या तिसऱ्या लाडवाला त्याला नाही म्हणता आलं नाही, तेव्हा संसार नीट करील असं दिसतं. तू लोणीला गेलास तेव्हा वृषाली नऊ वर्षांची होती. आता माझा चष्मा शोधून देते आणि वर चार शब्द सुनावते.

कांदा झकास आलाय. थंडी मात्र यंदा हटायला तयार नाही. थंडीत तुझा पाय ठणकतो असं बाजारात कुणी बोललं. असो. त्याचं पुढं लिहितो.

आधी लाकडांचं. आपल्या घरात लग्नाच्या चुलीला विकतचं लाकूड चालत नाही. भावकी जमते, आपल्याच रानातलं झाड तोडते, आणि पहिला घाव नवरीच्या चुलत्याचा. ताईच्या लग्नात कुंडलिकनानांनी घातलेला तुला आठवत असेल. दांडा त्यांच्या हातात राहिला आणि पातं शेजारच्या साळुबाईच्या परसात!

या वेळी ओढ्याकाठची बाभूळ धरली होती. गेल्या श्रावणातल्या वाऱ्यात ती बुडातून मोडली. वाळवीनं पार पोखरलं होतं तिला. पण मोडून पडावं ना सरळ, तर शेजारच्या चिंचेवर रेलली. बूड जमिनीवर, शेंडा चिंचेत गुंतलेला. सहा महिने तशीच वाळत होती. सरपण म्हणून उत्तम, पण जवळ जायची भीती. मी खालची वाट काट्या लावून बंदच केली होती.

परवा शुक्रवारी सगळे जमले. सोमाजी आपला चुलतभाऊ असला तरी धीर हा गुण त्याच्याकडं कधीच नव्हता. कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो थेट चिंचेवर चढायला लागला. “ही एक फांदी उडवली का बाभूळ आपसूक खाली. धा मिंटाचं काम हाय राव!”

“उतर खाली! त्या फांदीला हात लावायचा न्हाई!” मी असा ओरडलो की बैल बिथरले. सोमाजी मुकाट उतरला.

मग तुझ्या पद्धतीनं केलं. होय, तुझ्याच. चिंचेला धक्का लावायचा नाही, बाभळीखाली कुणी जायचं नाही, आणि लांबून बूड मागं ओढायचं. शेजारच्या कुशाबाच्या बागेतले केळीचे चार खांब आणले, बुडाच्या मागं आडवे टाकले, म्हणजे बूड मातीत रुतणार नाही, घसरत येईल. कुशाबानंच विहिरीतला गाळ ओढायच्या यारीचा तारेचा लांब दोर आणला, एक टोक बुडाला आणि दुसरं त्याच्या ट्रॅक्टरला बांधलं. दोर तुटला तर उसळू नये म्हणून त्यावर ओली पोती टाकली. माणसांना पार बांधाच्या पलीकडं उभं केलं. सोमाजीला तर मी दोन वेळा मोजून मागं सरकवला. कुशाबानं ट्रॅक्टर हळू पुढं घेतला. बूड केळीवरून घसरलं, थांबलं, पुन्हा घसरलं. चिंच करकरली. मग शेंडा सुटला आणि बाभूळ धाडदिशी आडवी झाली. चिंचेची एक डहाळी तेवढी गेली. कुणाला ओरखडासुद्धा नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या रे! मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच बांधावर बसलो.

कुशाबा ट्रॅक्टरवरून उतरत म्हणाला, “केळीची ही अक्कल कुणाची वो, चांगदेवभाऊ?”

म्हटलं, “भरतची.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. भरत, जे तुला सांगायला हवं होतं ते मी आधी त्यांना सांगितलं, त्याबद्दल माफ कर. पण खोटं जिथं पसरवलं होतं तिथंच ते मोडायला हवं होतं.

बारा वर्षांपूर्वी विहिरीवरचं शिरीषाचं झाड मोडून आंब्यात अडकलं, तेव्हा तू हेच म्हणाला होतास. “दादा, केळीचे खांब घालू, लांबून वढू.” मी तुला भित्रा म्हणालो. आंब्याची फांदी मीच तोडायला घेतली आणि तुला म्हणालो, खाली उभा राहून दोर धर. तू धरलास. मी सांगितलं तिथंच तू उभा होतास. शिरीष आला तो तुझ्या पायावर. आणि दवाखान्याच्या दारात भेटेल त्याला मी सांगत सुटलो, “आयकलं न्हाई, मधी घुसला.” आत खाटेवर तुला ते ऐकू जात होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी थांबलो नाही. तू एका शब्दानं मला खोटं पाडलं नाहीस. बरा झालास आणि काठी टेकत बायकोच्या माहेरी निघून गेलास.

हे सगळं परवा अठरा माणसांसमोर बोललो. तुझी वहिनी डोळे पुसून एवढंच बोलली, “आता ह्येच लोणीला लिवा.”

बाभूळ ओढ्याकाठी अखंड पडून आहे. सोमाजी म्हणाला, भरत काय येणार न्हाई, चुलतचुलता म्हणून मीच घालतो घाव. मी कुऱ्हाडी गोळा करून घरात ठेवल्या. तुझ्या जुन्या कुऱ्हाडीला मात्र नवा दांडा बसवला आहे. पाय साथ देत नसेल तर बसून घाल घाव, नुसतं पातं टेकवलंस तरी पुरे. तोवर एक ढलपीही निघणार नाही. लग्नाची चूल कशी पेटेल ते मला ठाऊक नाही.

ये, भरत. या वेळी तू सांगशील तिथं मी उभा राहीन.

तुझा अपराधी, तरीही थोरला,
चांगदेव