ताळा जुळला

२ मार्च

चि. धाकटीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. वखारीतून आल्यावर हातपाय धुऊन वाचलं, मग तुझ्या वहिनीलाही वाचून दाखवलं. इस्पितळाच्या रक्तपेढीला तू नवा प्रोग्रॅम लिहून दिलास आणि तो चालूही झाला! देवाचे आभार मानले.

तू समजावलंस ते बरंचसं समजलं. रुग्णाच्या क्रमांकातले आकडे मिळवायचे, आलेल्या बेरजेतले पुन्हा मिळवायचे, एकच आकडा उरेपर्यंत. तो क्रमांकाच्या शेवटी छापायचा. टाइप करताना आकडा चुकला तर ताळा जुळत नाही, लाल दिवा लागतो. जुळला तर हिरवा. अगं, हा तर आपल्या गुरुजींचा ताळा! गुणाकार तपासायला मोठ्या मुलांना शिकवायचे आणि तू पहिलीच्या ओळीत बसून तो उचललास. आज तोच माणसांच्या जिवाची राखण करतोय.

फक्त ते स्वतःलाच बोलावणारं फंक्शन डोक्यावरून गेलं. स्वतःलाच हाका मारायच्या म्हटल्यावर मला आपली आत्या आठवली. कुठे थांबायचं ते आधी सांगितलं नाही तर यंत्र दमून कोसळतं म्हणतेस. आत्या अजून कोसळलेली नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, तुझीही असू दे.

तुझा,
दादा

१९ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं चांगलं काही नाही.

आमच्याकडे एक बाई गेली. पित्ताशयाचं साधं ऑपरेशन होतं, पण रक्त थांबेना. तिचा क्रमांक ४७१८, त्यापुढे ताळ्याचा २. लॅबमधल्या बाईंनी घाईत ४१७८ टाइप केला. दोन्हींची बेरीज वीस, दोन्हींचा ताळा दोन. हिरवा दिवा लागला, पडद्यावर दुसऱ्याच रुग्णाचा रक्तगट आला आणि त्या गटाची पिशवी वर गेली. पुढची तपासणी घाईत राहून गेली.

दादा, कुठला आकडा कुठे बसलाय, याच्याशी बेरजेला देणंघेणं नसतं. आकडे उलटसुलट झाले तरी ती तीच येते. प्रत्येक आकडा त्याच्या जागेने गुणून मग मिळवला असता, तर तिथे लाल दिवा लागला असता. पण ताळा लहानपणापासून इतका अंगवळणी पडलेला, की त्याच्यावर शंका घ्यावी असं मला सुचलंच नाही.

लॅबच्या बाई सगळ्यांना सांगतायत की दिवा हिरवा होता. कुणी विश्वास ठेवत नाही. त्यांना घरी बसवलंय. मी साहेबांना चूक दाखवली. ते म्हणाले, प्रोग्रॅमला जे सांगितलं ते त्याने केलं, टाइप करणाऱ्याने चूक केली, तुम्ही तोंड मिटून बसा. बंद केला तर चूक कबूल केल्यासारखं होईल, म्हणून तो अजून चालू आहे. पुन्हा कुणाचे आकडे उलटतील, याची सतत भीती वाटते. २८ तारखेला, सोमवारी, चौकशी आहे. मी काय करू? लगेच कळव.

तुझी,
धाकटी

२३ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद. पत्र वाचलं. खूप विचार केला, देवाजवळ बसलो. तू गप्प राहावंस असं मला वाटतं. आईबाबांच्या मागे तुला मी वाढवलं. तुझ्याकडे कुणी बोट दाखवलेलं मला सोसायचं नाही. आयुष्य देवाच्या हाती असतं. त्या माउलीचं तेवढंच होतं, असं समज. प्रोग्रॅम मागाहून हळूच दुरुस्त करता येईल.

वहिनीला हे पटलेलं नाही. ती म्हणाली, देवाने आकडे उलटे केले नव्हते, आणि त्या लॅबवालीलाही कुणी दादा असेलच की. कालपासून ताट माझ्यासमोर आपटतेय. तरी वडीलकीने लिहितोय. ऐकशील असा भरवसा आहे.

तुझा,
दादा

३० एप्रिल

ती. दादास,

सा. न. तुझं पत्र चौकशीला निघताना हातात पडलं. आजवर तुझा शब्द खाली पडू दिला नव्हता. परवा मोडला.

सगळं सांगितलं. प्रोग्रॅम त्याच संध्याकाळी बंद झाला. मला उद्यापासून येऊ नका म्हणाले. लॅबच्या बाईंना कामावर घेतील असं वाटतं; बाहेर पडताना त्या माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

वारलेल्या बाईचा नवराही तिथे होता. भिंती रंगवायचं काम करतो, नखांत पांढरा रंग होता. तो म्हणाला, मला हे कळलं नाही, नीट सांगा. मी कागदावर दोन्ही क्रमांक लिहून दिले. त्याने बोटांवर एकाचे आकडे मिळवले, मग दुसऱ्याचे. दोन आले. पुन्हा मिळवले. दोनच आले. मग त्याने मला विचारलं, की हे असं उलटसुलट करून आधी एकदा बघायला तुम्हाला किती वेळ लागला असता.

मी म्हटलं, आत्ता तुम्हाला लागला तेवढाच.

वहिनीला नमस्कार. मी घरी येतेय. रागावला असलास तरी दार उघड.

तुझी,
धाकटी