शेवटच्या माणसाने पुसत बाहेर यावे

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीजेचे पाहुणे गेले एकदाचे. चकलीचा चुरा अजून सोफ्याच्या फटीत आहे. राहू दे.

नाशिकच्या दवाखान्यातून फोन. नानांना ३०ला सकाळी ॲडमिट करायचं, ३१ला ऑप. सरकारी योजनेत बसतंय, पण आधार ओरिजनल हवं. झेरॉक्स चालणार नाही. ऑनलाइन काढावं तर आधारला जोडलेला नंबर नानांनी कधीच बंद केलाय. तेव्हा ते कार्ड जिवापाड जपायचं. ह्यांनी स्वतःच्या पाकिटात घातलं.

जेवताना नाना म्हणाले, "पह्यले माले तोरणमाळ दखाडा. मंग काय फाडनं ते फाडा." आमचे सासरे हे असे. हृदयाच्या नळ्या बंद, तोंड चालू. सासूबाई ताटावरून उठून गेल्या. मी हसले, मग हसल्याचं वाईट वाटलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

कापूस वेचणी ऐन भरात आणि मजूर मिळत नाहीत. तरी हे तयार झाले. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, चढउतार करू देऊ नका, गाडीतून न्या, गाडीतून आणा. तोरणमाळला एक बंगला मिळालाय, मोबाईलवरून बुक केला. त्यावर लिहिलंय, 'संपूर्ण घर तुमचंच.' मी जाहीर केलं, दोन दिवस झाडूला हात लावणार नाही. शाळेला सुट्टी असली तरी मला कधी असते? हे म्हणाले, "बरं." त्यांच्या 'बरं'चा काय अर्थ ते मला लग्नापासून कळलेलं नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार. तोरणमाळ

घाटात नानांनी काच खाली करून घेतली. गार वारा, सासूबाई मागून मफलर गुंडाळतायत, नाना सोडतायत. असं वरपर्यंत.

बंगला छान. इतका छान की बसायची भीती वाटते. राखणीला जमनाबाई, इथल्याच पाड्यावरची. नवऱ्यासोबत मागच्या खोलीत राहते. मी सामान उतरवत होते तेवढ्यात तिने सगळ्यांची आधार कार्डं मागितली आणि ह्यांनी दिली. ओरिजनल. नानांचंसुद्धा. जाताना परत मिळणार म्हणे.

भिंतीवर पाट्या. स्वयंपाकघरात: प्रत्येक वेळी शेगडी पुसा, टाइल्स पुसा, सिंक कोरडं करा. बाथरूममध्ये: जाळीतले केस काढा, नळावर पाण्याचे डाग नकोत. कपाटावर: चादरी, टॉवेल धुऊन वाळवून घडी करून ठेवा. प्रत्येक पाटीखाली 'धन्यवाद' आणि हसरा चेहरा. संपूर्ण घर तुमचंच म्हणजे हे होय! मालक इंदूरला असतो. मोबाईलवर फोटो मागवतो.

सासूबाई खूश. "चोख शे," म्हणाल्या. आल्या आल्या कमरेला पदर खोचून दुसऱ्याचं घर झाडायला लागल्या. मग मला बसून कसं चालेल.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी तलावाकाठी. नाना दगडावर बसून राहिले, बराच वेळ. तरुणपणी शिवरात्रीच्या यात्रेला मित्रांबरोबर पायी चढून यायचे, ते सांगत होते. आज गाडीतून उतरून दगडापर्यंत जाताना दोनदा थांबले. हे लांब जाऊन उभे राहिले, पाठ करून. बोलत नाहीत, पण बापासाठी जीव तुटतोय.

सीताफळं घेतली. डॉक्टरांनी गोड कमी सांगितलंय. नाना म्हणाले, "आते काय कमी नि काय जास्ती." ओट्यावर बसून खाल्ली आणि बिया अंगणात फुर्र. पाच मिनिटांत मालकाचा मेसेज. अंगणात कॅमेरा आहे. 'ताई, बिया उचलून घ्याल प्लीज.' मेसेज ह्यांना नाही, मला. माझा नंबर कुठून मिळाला? मी गवतात वाकून बिया वेचल्या. नाना वरून दाखवत होते, "ती एक ऱ्हायनी वं, तठे." हसता हसता त्यांना दम लागला.

दुपारी चादरी धुतल्या. सिंकचा फोटो पाठवला. नापास. पुन्हा पाठवला. मी पोरांच्या वह्या तपासताना इतकी कडक नसते.

संध्याकाळी दाराच्या मागची पाटी वाचली, ती राहिली होती. 'निघताना सर्व माणसे व सामान बाहेर काढावे. शेवटच्या माणसाने आतल्या भिंतीपासून फरशी पुसत पुसत दारापर्यंत बाहेर यावे. व्हिडिओ पाठवावा. त्यानंतर ओळखपत्रे परत मिळतील.'

मी मोठ्याने वाचलं. तोंडाला कुलूप का नाही घातलं.

सासूबाई भाजी चिरत होत्या, थांबल्या. "मानूस भायेर पडना का लगेच पुसतस? मढं काढावर पुसतस तसं." मग हळूच, "नाना दवाखानामा चालना, वैशू."

माणूस गावाला निघाला तर तो पोचेपर्यंत केर काढत नाहीत, हे मलाही माहेरी शिकवलेलंच. मी विज्ञान शिकवते. तरी हे गावाला गेले की मीही दुपारपर्यंत झाडू घेत नाही. उगाच कशाला, म्हणून.

म्हटलं, आई, आधी पुसून घेऊ, मग निघू. त्या बऱ्या झाल्या.

२९ ऑक्टोबर, बुधवार. घरी, शहादा

लिहवत नाही, पण लिहिते.

सकाळी सगळ्यांना पलंगावर बसवलं आणि आख्खं घर पुसलं. ह्यांनी व्हिडिओ काढला. मग फरशी वाळल्यावर एकेक करून बाहेर. नानांना हे धरून घेऊन आले. पायरीपाशी त्यांनी चप्पल घातली, अंगणात उतरले, मग काहीतरी आठवलं म्हणून तसेच आत गेले. भिंतीला हात लावला आणि आले. अंगणात दव, लाल माती. पलंगापासून दारापर्यंत नानांच्या पायांचे ठसे.

मालकाचा फोन. गोड आवाज. "ताई, व्हिडिओत माणसं आतच आहेत. सगळे बाहेर आल्यावरचा दाखवा ना." दाखवला. "पावलं दिसताहेत. तेवढं पुसून परत पाठवा, लगेच कार्डं द्यायला सांगतो."

मी सांगितलं. सासरे ऑपरेशनला चाललेत, आमच्यात असं करत नाहीत. तो म्हणाला, "समजतं ताई, पण नियम सगळ्या गेस्टना सारखा. आणि हे हॉटेल नाही, घर आहे. घरी पुसतोच ना आपण?" घरी पुसतोच.

हे जमनाबाईकडे गेले. ती कार्डं पदराखाली धरून उभी. "शेठ बोलला तरच देते दादा. नाहीतर मला काढून टाकते तो." तिच्या डोळ्यात पाणी. तिच्यावर ओरडायची पण सोय नाही.

सासूबाई गाडीतून, "ऱ्हाऊ द्या ते कार्डं!"

"आई, कार्ड नही तं ॲडमिट नही. ऑपरेशन नही," हे म्हणाले.

मग सासूबाईंनीच तोड काढली. नानांना परत आत न्यायचं, बसवायचं, पुसायचं, मग काढायचं. पण काढायचं कसं, पुन्हा ठसे. नाना गाडीच्या खिडकीतून म्हणाले, "माले उचली ल्या चौघं." सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. कुणी कुणाला उचलून बाहेर काढायचं! मला हसू की रडू. वर्तमानपत्र अंथरून चालवता आलं असतं, हे आत्ता सुचतंय, घरी बसून.

ऊन चढत होतं. नानांचा चेहरा उतरायला लागला, गोळीची वेळ टळलेली. म्हणाले, "पुस वं माय. मन्हा पाय भलता मळेल शेत." असंच, सहज.

मी आत गेले. आतल्या भिंतीपासून मागे सरकत सरकत पुसलं. हे व्हिडिओ काढत होते. दारापाशी शेवटचा ठसा होता, टाचेचा. तोही पुसला.

गाडीत बसले तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. कार्ड मिळालं.

३० ऑक्टोबर, गुरुवार. नाशिक

ॲडमिट केलं. खिडकीवरच्या मुलीने कार्ड घेतलं, मशीनवर ठेवलं, परत दिलं. एवढंच. एका क्षणाचं काम.

सासूबाई ह्यांच्याशी बोलतात, नर्सशी बोलतात. माझ्याशी नाही. चहा दिला तर घेतात, कप बाजूला ठेवतात. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी नानांना स्ट्रेचरवरून नेलं. वळणावर त्यांनी हात हलवला, पाहुण्यासारखा. ते दिसेनासे झाले तोच वॉर्डात एक मावशी बादली घेऊन आली, पलंगाखालून पुसायला लागली. सासूबाई माझा दंड धरून म्हणाल्या, "तिले थांबाड." दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

मी सिस्टरला विनवलं. "थोड्या वेळाने पुसा." सिस्टर म्हणाली, इन्फेक्शन होतं ताई, तुम्हालाच त्रास. तिचंही खरंच. पुसून झालं. फिनाईलचा वास. सासूबाईंनी दंड सोडला.

ऑप. झालं. डॉक्टर म्हणाले, नीट झालं. पुढचं शुद्धीवर आल्यावर.

१ नोव्हेंबर, शनिवार

अजून शुद्ध नाही. डॉक्टर म्हणतात, वयामुळे. वाट बघा.

मी यावर विश्वास ठेवत नाही. पुसल्याने काही होत नाही. फरशीचा आणि हृदयाचा संबंध नाही. चौथीतलं पोरही सांगेल. मग मी दिवसभर हेच का म्हणतेय स्वतःला?

३ नोव्हेंबर, सोमवार

तसंच. मशीनवर. हे आता काहीच बोलत नाहीत, 'बरं'सुद्धा नाही. उद्या शाळा सुरू, रजा कळवली.

दुपारी जमनाबाईचा फोन. आमचा लोणच्याचा डबा राहिला तिथे, जीपवाल्याकडे पाठवू का? नानांचं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मला वाईट वाटते त्या दिवसाचं. तुम्ही उगा पुसलं. गेस्ट गेला की संध्याकाळी मी पुसतेच ना आख्खं घर, दर बारीला. शेठला फक्त व्हिडिओ पाहिजे."

मी म्हटलं, डबा राहू दे तुलाच.

संध्याकाळी. म्हणजे तोवर आम्ही घरी पोचलो असतो. नाना पलंगावर आडवे झाले असते, चहा मागत. मग कोणी का पुसेना.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी काचेतून पाहिलं. बोट हललं असं ह्यांना वाटलं. मला नाही दिसलं. डॉक्टर बघतो म्हणाले.

बाकावर सासूबाईंशेजारी बसले. त्यांनी विचारलं, "काल फोन कोना व्हता?"

"जमनाबाईंचा. डबा राहिला तिथे."

"आखो काय म्हने?"

सांगावं का? सांगितलं तर त्यांना हलकं वाटेल की आणखी लागेल? नाही सांगितलं तर मी एकटीच ते घेऊन फिरणार. मला ठरवता आलं नाही. म्हटलं, नानांचं विचारत होती.

त्यांनी मान हलवली. समोरच्या बंद दाराकडे बघत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुन्हावर राग नही मन्हा. पन आते बोलावत नही माले. नाना उठू दे, मंग बोलसू तुन्हासंगे."

मी बरं म्हटलं. चहा आणायला खाली आलेय, तिथेच बसून लिहितेय. वर जायचंय.