जवसाचा केक

बेळगाव,
फेब्रुवारी १९३८

प्रिय आनंद,

निपाणीहून परतल्यावर तुला पुन्हा कधी लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आज लिहावंच लागतंय.

कॅम्पातल्या बेकरीत काम शिकून तू घरी आलास, तेव्हा म्हणाला होतास, "आक्का, अंड्याबिगर केक जमला तर आपली माणसं बी घेतील बघ." मी हौसेनं हाती घेतलं आणि सगळा हिवाळा त्यात गेला. केळं घातलं तर केक मधोमध खचला. हरभऱ्याचं पीठ घातलं तर पिठल्याचा वास. मग एकदा आईच्या गुडघ्यावर बांधायला जवसाचं पोटीस शिजवत होते, ते पळीला असं चिकटलं की सुटेना. तसंच जवस वाटून, भिजवून, ताक-सोड्याबरोबर मिसळलं. झाकणावरचे निखारे बाजूला केले तर केक फुगलेला! तू मला उचलून गरागरा फिरवलंस.

आईनं जन्मात अंडं शिवलेलं नाही. पहिला तुकडा हातात धरून तिनं विचारलं, "बेबी, खरंच न्हाय न्हवं यात?" मी देवापुढं उभं राहून शपथ घेतली. पुढं तू निपाणीला दुकान काढलंस, तिथून केक यायचा आणि आई गल्लीभर वाटायची, माझ्या लेकीची रीत म्हणून.

संक्रांतीला न कळवता तुझ्याकडं आले. दुकानाच्या मागल्या दारी टोपलीभर अंड्यांची टरफलं. तू हसलास. "जवसानं रोज सारखा फुगत न्हाय गं. पहिल्यापास्नं अंडीच घालतोय. कुणाला कळलंय?" पुढच्या दारावर पाटी होती, मीच रंगवलेली: बिनअंड्याचा केक. आईलाही हाच पाठवत होतास का, विचारलं, तर तू पाव मोजायला लागलास.

फुगत नव्हता तर मला सांगायचंस रे. मी आणखी एक हिवाळा घातला असता.

आईला मी खरं सांगून टाकलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "रीत तुझी, शपथ तुझी, आणि तुला ठाऊक न्हवतं व्हय?" तेव्हापासून ती माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. वेगळी चूल मांडलीय. काल भात उतरवताना पेज पायावर सांडली, तरी मला जवळ येऊ दिलं नाही. माझं ती ऐकत नाही. दुकान चालव नाहीतर मोड, मी विचारणार नाही. फक्त एकदा ये, तिच्यासमोर बस आणि सांग, की आक्काला ठाऊक नव्हतं.

अजून तरी तुझीच,
बेबीआक्का