बाबांच्या तीन खाचा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, शाळेच्या कार्यालयातून निवृत्त, आज शनिवारी सकाळी चहा घेऊन, चष्मा लावून आणि पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. माझे नाव वकीलसाहेबांनी लिफाफ्यावर तीनदा लिहिले आहे, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकेल असा एकच माणूस होता, माझे यजमान, आणि त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात माझी बुद्धी शाबूत असल्याचे म्हटले आहे आणि गुडघ्यांविषयी मौन पाळले आहे.

वकीलसाहेबांनी बजावले आहे की भावना नकोत, फक्त मिळकत लिहा. मी प्रयत्न करीन. पण कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी आम्हाला वाक्य अर्धवट सोडायचे नाही असे शिकवले होते, ती सवय आता या वयात जायची नाही.

कलम १. राहते घर माझ्या मुलाला द्यावे. मागच्या अंगणात गवत आहे, ते सध्या घोट्यापर्यंत वाढले आहे. मुलाने फोनवर दोनदा सुचवले आहे, "आई, टाइल्स बसवून टाकू, कटकटच नको." बसवायच्याच असतील तर माझ्यामागे निदान एक वर्ष थांबावे. तोवर माझा राग गेलेला असेल.

कलम २. बँकेतली ठेव नातीला द्यावी. तिने ती कशासाठी वापरावी हे तिला कोणी सांगू नये. तिच्या आजोबांनीही सांगितले नसते. मी सांगितले असते, पण मी नसेन.

कलम ३. लोखंडी कपाट सूनबाईला. त्याचे दार उघडताना उजव्या बाजूने जरा वर उचलावे लागते. हे मी तिला बारा वर्षे सांगितले नाही. सुट्टीत ती आली की कपाटाशी झटापट करायची आणि मी शेजारच्या खोलीत बसून ऐकायची. याबद्दल मी दिलगीर आहे, आणि कपाटात ठेवलेल्या दोन रेशमी साड्याही तिच्याच.

कलम ४. माझी एक ॲल्युमिनियमची शिडी शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांकडे सहा वर्षे आहे. मागितली की ते "कोणती शिडी?" असे विचारतात. मागच्या वेळी त्यांनी ते शिडीवर उभे राहून विचारले. ही शिडी मुलाने वसूल करावी. प्राध्यापक खाली उतरेपर्यंत थांबावे, एवढी माणुसकी ठेवावी.

कलम ५. माझी हत्यारे, म्हणजे पाने, दोन कानशी, तेलाची बुधली आणि लाकडी मुठीचा हातोडा, कोपऱ्यावरच्या लेथवाल्यांना द्यावीत. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. एका जुन्या स्क्रूसाठी त्यांनी मला तीनदा नवा स्क्रू कातून दिला आणि एकदाही विचारले नाही की या वयात बाईमाणसाला हे कशाला. असे न विचारणारे पुरुष मला आयुष्यात दोनच भेटले. दुसरे माझे बाबा.

कलम ६. माझ्यामागे शाळेत सभा घेतलीच तर ती मधल्या सुट्टीत घेऊ नये. मुलींचे खेळणे बुडते.

कलम ७. गवत कापायचे जुने मशीन.

हे हाताने ढकलायचे मशीन आहे, इंजिन नाही. पुढे गोल फिरणारी पाती, त्यांच्या खाली एक सपाट, न हलणारे पाते. दोन्हींच्या मधे गवत आले की कात्रीसारखे कापले जाते. माझे बाबा त्याच शाळेत माळी होते आणि एकतीस वर्षे त्यांनी शाळेचे मैदान याच मशीनने कापले. त्यामुळेच मी आणि माझी धाकटी बहीण तिथे शिकलो. मैदानातून मशीनचा आवाज यायचा आणि वर्गात मी उगाचच ताठ बसायची.

मशीनच्या बाजूच्या पट्टीवर बाबांनी कानशीने तीन खाचा पाडल्या होत्या, गवताच्या उंचीच्या खुणा म्हणून. खालची क्रीडादिनाची. मधली रोजची. वरची पावसाळ्यातली, गवत ओले आणि जाड असले म्हणजे. बाबांना आकडे वाचता येत होते, पण ते म्हणायचे, "बोटाला कळतं ते डोळ्याला कशाला विचारायचं?"

पुढे शाळेने इंजिनाचे मशीन घेतले आणि हे अडगळीत गेले. मी निवृत्त झाले तेव्हा मला भिंतीवरचे घड्याळ देणार होते. मी म्हटले, घड्याळ नको, ते मशीन द्या. मदरनी ते धुऊन, रिबीन बांधून दिले. रिबिनीलाही गंज लागला.

माझ्या बहिणीला घरात बारकी म्हणतात, आता ती एकसष्ट वर्षांची आहे. तिने इस्पितळात जखमा धुण्याबांधण्याचे काम चौतीस वर्षे केले. आम्ही दोघींनी मागच्या व्हरांड्यात पाच महिने ते मशीन खोलले, गंज काढला, पॉलिश पेपरने घासले, पात्यांना धार लावायची पेस्ट लावून ती उलटी फिरवली. आयुष्यात इतकी हसले नसेन. नटबोल्ट ती औषधाच्या बाटल्यांत ठेवायची आणि वर चिठ्ठी लावायची: "डावे चाक, जेवणानंतर."

रंग देण्याच्या दिवशी मी बाजारात गेले. परत आले तर मशीन हिरवेगार, आरशासारखे गुळगुळीत. तिन्ही खाचा तिने पुट्टीने भरून वर रंग दिला होता.

मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "खरचटलं होतं ताई, भरून टाकलं." चौतीस वर्षे जी बाई भेग दिसली की भरत आली, ती दुसरे काय करणार? पण मी म्हणाले, "तू बाबांना बुजवलंस."

बारकीने ब्रश रॉकेलमध्ये धुतला, पुसला, सुकायला उभा ठेवला आणि गेली. तिची जात अशी, रागावली तरी ब्रश खराब होऊ देणार नाही. ती तीन गल्ल्या सोडून राहते. याला चार वर्षे झाली.

आता जे मी कोणाला सांगितलेले नाही ते लिहिते. बाजारात जाताना मीच तिला म्हणाले होते, "एकही खड्डा दिसता कामा नये."

मशीन अजून एकदाही चाललेले नाही. दोन पाती एकमेकांना नेमकी टेकवावी लागतात. फार घट्ट केली तर किंचाळतात, सैल राहिली तर गवत नुसते दुमडते. बाबा कागदाची पट्टी घालून बघायचे; पट्टी स्वच्छ कापली गेली की जमले. पण एकाने मशीन कलते धरावे लागते आणि दुसऱ्याने कागद. उस्ताद मदतीला तयार होते. मीच नको म्हटले.

तर हे मशीन माझ्या पश्चात बारकीला द्यावे. तिने पुट्टी उकरून खाचा मोकळ्या कराव्यात. टाचणीने पाच मिनिटांचे काम आहे. मी केले नाही, कारण पुट्टी भरली तिने. तिने केले नाही, कारण बोलवायला हवे होते मी.

कलम ८. हे कलम मी आत्ता, सह्यांच्या आधी, माझ्या हाताने लिहीत आहे. वकीलसाहेब घड्याळाकडे बघत आहेत.

आज साक्षीदार म्हणून उस्ताद आणि प्राध्यापक यांना बोलावले होते. प्राध्यापकांना वकीलसाहेबांनी फक्त सहीची जागा दाखवली, पण त्यांनी सगळे वाचले आणि कलम चारपाशी त्यांचा चहा थांबला. मला दुसरे काम आहे, असे म्हणून ते निघून गेले. साक्षीदार एक कमी पडला. मग उस्तादांनी, मला न विचारता, बारकीला निरोप पाठवला.

ती पंधरा मिनिटांत आली. पर्स काखेत, माझ्याकडे न बघता वकीलसाहेबांना म्हणाली, "कुठे सही करू?"

वकीलसाहेबांनी समजावले की या कागदात तुमच्या नावे काहीतरी आहे. ज्याला मिळायचे त्याने साक्षीला राहू नये. घ्यायचे की सही करायची, एक काय ते ठरवा.

"काय आहे माझ्या नावे?" तिने विचारले. मी म्हणाले, "मशीन."

"म्हणजे तू गेल्यावर?"

"हो."

"आणि तू गेल्यावर कागद कोण धरणार?"

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. सात कलमे लिहिली, डॉक्टरांचा दाखला जोडला, आणि हे सुचले नाही.

मी तिला ते बाजारात जातानाचे सांगितले. ती म्हणाली, "माहीत आहे. मी काय बहिरी होते?" मग तिने व्हरांड्यात जाऊन मशीनवरची चादर काढली, केसातली पिन काढली आणि खाली बसून खाचा उकरू लागली. तिचेही गुडघे वाजतात, हे मला चार वर्षांनी कळले.

कागद म्हणून वकीलसाहेबांच्या झेरॉक्स प्रतीतले सातवे कलम घेतले. ते हरकत घेणार होते, पण उस्तादांनी त्यांना मशीन कलते धरायला लावले. कागद बारकीने धरला, स्क्रू मी फिरवला. आधी कागद दुमडला. मग मशीन किंचाळले. मग मी स्क्रू केसभर मागे घेतला आणि "माझ्या पश्चात" ही ओळ मधोमध कापली गेली, स्वच्छ.

मधल्या खाचेवर ठेवून आम्ही व्हरांड्यापासून नळापर्यंत एक पट्टा कापला. वाकडा आहे. मुलाने त्यावर टाइल्स घालायचा विचारसुद्धा करू नये.

सबब कलम ७ रद्द. मशीन मी आज, जिवंतपणी, बारकीला दिले. तिच्या घरी ते ठेवायला जागा नाही, म्हणून ते माझ्याच व्हरांड्यात राहील, आणि दर शनिवारी ते चालवायला तिला इथे यावे लागेल. खोडलेले कलम वाचता येते, ते तसेच राहू द्यावे.

कलम ५ देखील रद्द; उस्ताद साक्षीदार आहेत, म्हणून हत्यारे त्यांना आजच हातात दिली. कलम ४ देखील रद्द. हे लिहीत असताना कुंपणाला कोणीतरी शिडी टेकवून ठेवली आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला तो समजला आणि पटला. उलटसुलट खाडाखोड माझीच.

सही: (वकीलसाहेबांच्या पेनाने, माझे पेन सापडले नाही)

साक्षीदार पहिले: उस्ताद, लेथवाले. सहीशेजारचा डाग तेलाचा आहे, अंगठ्याचा नाही.

साक्षीदार दुसरी: बारकी, धाकटी बहीण. या मृत्युपत्राने हिला काहीही मिळालेले नाही.

ठिकाण: राहत्या घराचा मागचा व्हरांडा.
दिनांक: वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे तोच. वार शनिवार, दुपारी पावणेदोन, गवताचा एक पट्टा कापून झालेला.