बोटीनं की बोगद्यानं

मेडस्टन, इंग्लंड
३ मार्च २०२४

ती. स्व. मोठेबाबा यांस,
दिव्यानीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चंचलवहिनीनं फोटो काढून पाठवलं, ते मिळालं. फोनवर तुम्ही दोन मिनिटांत ‘बरं, ठेवतो’ म्हणता आणि कागदावर मात्र चार पानं भरता, म्हणून मीही आता कागदच धरला. बाबांना ऐकू येत नसल्यामुळे आपल्या घराला तशीही पत्रांचीच सवय.

बाबांची छाती आता बरीच सुधारली. जानेवारीत पाणी झालं होतं तेव्हा मी नर्स असूनही फार घाबरले होते. आई जाऊन दोनच वर्षं झाली, आणि बाबांना मीच इकडे आणलं, काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. आता दिवसातून तीनदा श्वासाचं यंत्र लावावं लागतं. डॉक्टर म्हणतात, विमानात एकदाच बसवा, ते एप्रिलअखेर घरी परतताना. त्याआधी उगाच नको.

पण रोशनची मुलगी चार महिन्यांची झाली आणि आजोबांनी तिला अजून पाहिलेलं नाही. रोशन बेल्जियममध्ये, म्हणजे मध्ये समुद्र आला. प्रणितनं यावर उपाय काढला. झोपायला पलंग, स्वयंपाकाला ओटा, संडाससुद्धा असलेली एक मोटारहोम त्यानं भाड्यानं घेतली आहे. बाबा पडून जातील, यंत्र गाडीतच चालेल. जावईबापूंनी टेप घेऊन गाडीची लांबी-उंची तीनदा मोजली, कारण तिकीट त्यावर ठरतं. लग्नाचा मांडवसुद्धा इतका कुणी मोजला नसेल.

समुद्र ओलांडायचे दोन रस्ते आहेत. एक मोठी बोट, दीड तासाची. गाडी खाली ठेवून जिने चढून वर जावं लागतं, आणि बोट चालू असताना गाडीकडे परत येता येत नाही. दुसरा समुद्राखालचा बोगदा. त्यात गाडी चढवतात आगगाडीच्या डब्यात, आपण आपल्या गाडीतच बसून राहायचं, पस्तीस मिनिटांत फ्रान्स. गॅसची टाकी बंद केली की नाही तेवढं तपासतात. बाबांना जिने नकोत, वारा नको, यंत्र हाताशी हवं, म्हणून आम्ही ६ एप्रिलचं बोगद्याचं तिकीट काढलं. त्यांना फक्त नातीकडे जायचंय एवढंच सांगितलं आहे.

मोठी आईचा गुडघा कसा आहे? उन्हाळी धानाला पाणी पुरतंय का?

तुमची माया आजवर पुरली, पुढेही पुरू द्यावी ही विनंती.

तुमची,
दिव्यानी


ता. सावली, जि. चंद्रपूर
७ मार्च २०२४

चि. सौ. दिव्यानीस,
बापूरावाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि जेवण गोड लागलं नाही. तुझी मोठी आई म्हणाली, काऊन हात थांबला तुमचा. तिला काही सांगितलं नाही. बेटा, नथ्थूला त्या बोगद्यातून नेऊ नकोस.

तू चार वर्षांची होतीस. खाणीत मोठा आवाज झाला, त्यात बाबांचे कान गेले, एवढंच तुला सांगितलेलं. खरी गोष्ट अशी की छत कोसळलं होतं आणि तुझा बाप एकोणीस तास जमिनीखाली अडकून होता. सोबत कोलू होता, धानोऱ्याच्या पुढच्या जंगलगावातला गोंड माणूस, नथ्थूचा जिवाचा मित्र. एकाच पाळीत जायचे, एकाच डब्यात जेवायचे. नथ्थू जिवंत निघाला आणि कोलूला बाजेवर घालून काढलं. मी खाणीच्या तोंडाशी उभा होतो. नथ्थू वर आला तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर तो कधी खाली उतरला नाही. त्याला वर दिव्यांच्या खोलीत काम दिलं, मजुरांच्या टोपीचे दिवे चार्ज करायचं. तुला आणि तुझ्या आईला वर्षभर गावी ठेवलं ते त्याचसाठी. क्वार्टरचं दार तो हिवाळ्यातही उघडं ठेवून का निजायचा, ते आता कळलं असेल. कान मात्र त्याच दिवशी गेले, हे मी तुला खात्रीनं सांगतो.

बोटीनं न्या. वैनगंगेत डोंगा घालावा तर नथ्थूनंच, पुरातसुद्धा पलीकडच्या घाटाला नेमका लावायचा. पाण्यावर त्याला काही होणार नाही. जिने चढायला वेळ लागला तर लागू दे.

मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नकोस. तुझ्या आजीच्या पायाची आण घेतली होती आम्ही दोघांनी.

जावईबापूंना आशीर्वाद. लेकीवरची माया दूरदेशी कमी होत नाही, हे ध्यानी असू दे.

तुझे,
मोठेबाबा


मेडस्टन
१८ मार्च २०२४

ती. स्व. मोठेबाबा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बत्तीस वर्षांची झाले आणि बापाबद्दल एवढंही मला ठाऊक नव्हतं. इथल्या प्रत्येक डॉक्टरला मीच सांगत आले की यांचे कान खाणीतल्या आवाजानं गेले.

तिकीट बदलून बोटीचं घेतलं. बोटीवाल्यांनी वर जायला लिफ्ट आहे सांगितलं, पण बंद लिफ्टमध्ये बाबा शिरत नाहीत हे मी इथे पाहिलंच होतं, तेव्हा अर्थ लागला नव्हता. मग जिन्याजवळ गाडी लावायची परवानगी, चाकाची खुर्ची, एक जादा बॅटरी, असं सगळं जुळवलं. बाबांना वहीत लिहून सांगितलं की समुद्र बघायला मिळावा म्हणून बोट.

पण मोठेबाबा, ज्याला ऐकू येत नाही तो घरातला प्रत्येक कागद वाचतो. टेबलावर जुनं तिकीट होतं, नवं होतं. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बघितली आणि वहीत लिहिलं, ‘भाऊनं सांगितलं ना?’ मला खोटं लिहिता आलं नाही. आण मोडली, माझी चूक, मला रागवा.

ते दोन दिवस जेवले नाहीत. काल लिहिलं की बोगद्यानंच जाणार, नाही तर कुठंच जाणार नाही. नातीला बघायचं राहिलं तरी चालेल म्हणाले. प्रणित म्हणतो त्यांचं ऐकावं. मला ते पटत नाही. आत त्यांचा श्वास वाढला तर पस्तीस मिनिटं एकही दार उघडता येणार नाही, आणि त्यांची छाती तेवढा धक्का सोसेल असं मला वाटत नाही. मला त्यांच्या जिवाची फार भीती वाटते आहे.

तुमचा शब्द त्यांनी आजवर मोडला नाही. तुम्हीच लिहा.

पाठीवरचा हात काढू नये ही विनंती.

दिव्यानी


ता. सावली
२१ मार्च २०२४

चि. नथ्थूस,
आशीर्वाद.

पोरीनं सगळं लिहिलं. तिला बोलू नकोस, सांगणारा मी आहे, बोलायचं तर मला बोल.

सहासष्टाव्या वर्षी कुणाला हिंमत दाखवायची आहे तुला? छाती धड नाही, पोर रडते आहे, जावई खुर्च्या जमवतो आहे. मुकाट्यानं बोटीत बस. कोलू गेला त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. त्या दिवसाबद्दल मी तुला कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. जे गाडलं ते गाडलेलं राहू दे. रोशनच्या लेकीची तुला आण आहे.

तुझ्या वहिनीनं मोहफुलं वाळवून ठेवली आहेत. ये लवकर.

मोठेपणाचा मान राखशील अशी आशा आहे.

तुझा,
भाऊ


गेंट, बेल्जियम
८ एप्रिल २०२४

ती. स्व. भाऊ यांस,
नथ्थूचा शि. सा. न.

आयुष्यात पहिल्यांदा तुमचा शब्द मोडला. परवा बोगद्यानं आलो. तब्येत बरी आहे. नातीचं नाव सान्वी ठेवलं आहे. कानाशी टाळी वाजवली की दचकते, म्हणजे कान चांगले आहेत. मी चारदा वाजवून पाहिलं, शेवटी सूनबाईनं माझे हात धरले.

तुम्ही सगळे समजलात की मला बोगद्याची भीती आहे. मला अंधाराची भीती खाणीत असतानाही नव्हती. कुणी विचारेल, याची भीती आहे. दिव्यानीनं माझ्यासाठी तिकीट बदललं, खुर्ची मागितली, बॅटरी आणली. दोन्ही तिकिटं पाहिली आणि वाटलं, हे सगळं एका खोट्यासाठी चाललं आहे. उद्या नातही तेच शिकेल, की आजोबांचे कान अपघातात गेले.

डब्यात चांगला उजेड होता. गाडी निघाली तशी मी वही घेतली आणि दिव्यानीला लिहू लागलो. ती माझी नाडी धरून बसली होती आणि लिहीन तसं वाचत होती. तिला लिहिलं तेच तुम्हाला लिहितो.

खाणीत आत शिरण्याआधी लोखंडी दांड्यानं छत ठोकून बघतात. घट्ट दगड खणखणीत वाजतो, सुटलेला दगड पोकळ वाजतो. आमच्या टोळीत ठोकायचं काम माझं होतं. अपघाताच्या दोन वर्षं आधीपासून माझे कान जात होते. मी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या सकाळी छत ठोकलं, मला धड काही ऐकू आलं नाही, दांडा हाताला जसा लागला त्यावरून ठरवलं. कोलूला म्हटलं, जा, ठीक आहे. माझ्या कानावर त्याचा भरवसा होता. तो गेला आणि छत आलं. मी दोन पावलं मागे होतो, माझ्या मागेही दगड आले.

कोलू लगेच गेला नाही भाऊ. सात-आठ तास होता. कमरेपर्यंत दगडाखाली. दिवे फुटले होते आणि अंधारात ओठ दिसत नाहीत. माझा हात त्याच्या गळ्यावर होता. गळा हलत होता म्हणजे तो बोलत होता. खूप वेळ बोलला. काय बोलला ते मला कळलं नाही. मग गळा हलायचा थांबला.

म्हणून मी सोमारीकडे कधी गेलो नाही. नवरा काय म्हणत गेला हे ती विचारणार, आणि माझ्याजवळ उत्तर नाही. लोक म्हणत, मित्राच्या बायकोला तोंडही दाखवलं नाही नथ्थूनं. खरंच म्हणत.

हे लिहून होईपर्यंत गाडी बाहेर निघाली होती. दिव्यानीनं वही मिटली. कॅलेच्या पुढे एका पेट्रोलपंपावर तिनं मला चहा करून दिला आणि माझ्याशेजारी बसून राहिली.

२८ तारखेला नागपुरात उतरतो. दुसऱ्या दिवशी सोमारीकडे जाणार. तुम्ही सोबत याल का, एवढंच विचारायचं आहे.

चुकलं असेल ते पोटात घालावं.

आपला,
नथ्थू


ता. सावली
१५ एप्रिल २०२४

चि. नथ्थूस,

चंचलनं फोनवर तुझं पत्र दाखवलं. मी तिला बाहेर जायला सांगून एकट्यानं वाचलं.

‘मी कुणालाही सांगितलं नव्हतं’ असं तू लिहिलंस. पोरीलाही तसंच लिहिलं असशील. नथ्थू, मला सांगितलं होतंस. दिवाळीला आला होतास, आपण खळ्यावर होतो. तू म्हणालास, भाऊ, मले नीट आयकू येत नाई, सायबाले सांगतो. मी म्हटलं, खबरदार. नोकरी जाईल, पोरं लहान आहेत, दोन-तीन वर्षं दाबून ने. तपासणीत डॉक्टरच्या तोंडाकडे पाहत जा, हेही मीच शिकवलं. अठ्ठावीस वर्षं मी तुला काही विचारलं नाही. लोकांना वाटलं भावाची माया आहे. तू माझं नाव घेशील ही मला भीती होती, आणि तू एकदाही घेतलं नाहीस. आता पत्रातही घेतलं नाहीस.

तुझी वाट पाहायला मला धीर नव्हता. काल सकाळच्या एसटीनं गडचिरोली, तिथून धानोरा, पुढे सुनिल मोटारसायकलवर घ्यायला आला. कोलूचा तो पोरगा आता बापापेक्षा मोठा दिसतो. सोमारी अंगणात मोहफुलं निवडत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि आधी माझं सांगितलं, मग तुझं. सुनिल उठून बाहेर गेला, मी निघेपर्यंत आला नाही. परतताना मी दोन कोस पायी आलो.

 सोमारी माफ केलं असं म्हणाली नाही, ते मी तुला खोटं लिहिणार नाही. फुलं निवडत राहिली. पाणी दिलं. मी उठायला लागलो तेव्हा तिनं एकच विचारलं, गळ्यावर कोणता हात होता, डावा की उजवा. मला सांगता आलं नाही. ती म्हणाली, तं मंग त्यालेच येऊ द्या, भाऊ.

२९ तारखेला मी गडचिरोलीच्या स्टँडवर उभा असेन.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तरी तू धाकटा आहेस, म्हणून लिहितो.

बापूराव