प्राचार्य व्हावं की नाही

हायडेलबर्ग, ९ मार्च

प्रिय मालिनीताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी गप्प राहिलो, माफ कर.

आम्ही तिघं बरी आहोत. ओवीचा खोकला गेला. क्षितिजाला ऑफिससाठी वाल्डॉर्फ गावाची बस वेळेवर मिळते. माझा प्रबंधही सरकतोय, काळजी नको.

तू लिहिलंस, "शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कॉलेजप्रमुखांवर इतकी वर्षं घालवलीस, मग मी प्राचार्य होऊ की नको, एवढं तरी सांग." मी चार उत्तरं लिहून फाडली. शेवटी क्षितिजा म्हणाली, "अरे, ताईंनी सल्ला मागितलाय, प्रबंध नाही."

त्या प्रमुखांपैकी बरेच जण आधी चांगले शिक्षक होते. पुढे देणगीदार, इमारती आणि भाषणं यांतच त्यांचे दिवस गेले. त्यांच्या आधीचे प्रमुख निदान शेवटच्या वर्षाला स्वतः शिकवायचे. यांचं तेही सुटलं. प्राध्यापकांना नेमणारे-काढणारे हेच, त्यामुळे तोंडावर खरं बोलणारं कोणी उरलं नाही.

तू नाही म्हणावंस, असं मला वाटतं. पण हे अभ्यासातून येतंय की माझ्या थकव्यातून, ते ठरवता येत नाही. म्हणून एवढंच सांगतो: पहिल्या वर्षाचा वनस्पतिशास्त्राचा तास तुझ्याकडेच राहील, असं संस्थेकडून आधी कबूल करून घे. मग हो म्हण. ते तयार नसतील, तर नको.

बीपी कसं आहे? भावोजी गोळ्यांची आठवण करून देतात ना?

तुझाच,
अनिमेष

(वहीत, स्वतःसाठी) उद्या: हे पत्र पुन्हा न वाचता पोस्टात टाकणे.